म चा व

आमच्या परिभाषा कोशाचं काम नाशकात चालतं,
गंगापूर रोडला, पिठाच्या गिरणीवर, दुसऱ्या मजल्याला.
खाली बाजरी दळली जाते, वर शब्द.
मी मानधनावर आहे. अकरा वर्षं.
माझ्या कार्डांवर हिमनदी आहे, हिमोढ आहे,
हिमगव्हर, हिमरेषा, हिमदंश,
आणि या सगळ्यांवर पिठाचा पातळ थर,
ज्याला गायधनी बाई
'हंगामी हिमाच्छादन' म्हणतात
आणि स्वतःच हसतात.

बर्फ मी पाहिलाय तो रसवंतीतला,
गोणपाटात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला.
तेवढ्या भांडवलावर बर्फाच्या चाळीस जातींना
नावं ठेवली,
दोन्ही अर्थांनी.

कांदा-विदरण सोपं गेलं.
उघड्यावरचा काळा धोंडा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो,
हे लासलगावच्या माणसाला काय समजवायचं.

अडलं चारशे बाराव्या कार्डावर.
पर्माफ्रॉस्ट:
सलग दोन वर्षं किंवा अधिक काळ शून्याखाली राहिलेली जमीन.
तीन बैठका झाल्या.
'चिरतुहिना' कुणाला भाचीचं नाव वाटलं.
'कायमगोठ' म्हटल्यावर आत गाई शिरल्या.
'कायम' या शब्दावर सगळे पुष्कळ बोलले.
मी मानधनाच्या रजिस्टरवर सही केली
आणि जिना उतरलो.

जानेवारीत निफाडला गेलो, आतेबहिणीच्या द्राक्षबागेत.
रात्री पारा घसरत गेला तसं घर जागं होत गेलं.
साडेचारला ओळीओळींतून धूर,
ठिबकच्या नळ्यांतून विहिरीचं कोमट पाणी,
आणि बॅटरीच्या उजेडात
पाचटावरचं दहिवर
गोठलेलं.

बूट टेकला तर करकरलं.
इतकी वर्षं ज्याची व्याख्या तपासत होतो
ते असा आवाज करतं,
हे कोणत्याच कार्डावर नव्हतं.
चिमूटभर जिभेवर ठेवलं.
गंधकाची चव, बागेवरच्या फवारणीची.

काळू भोये, सुरगाण्याकडून
घडांना कागद गुंडाळायला आलेला,
शेकोटीपासून उठला, बांधापर्यंत गेला,
अनवाणी टाचेनं माती दाबून पाहिली,
आणि पोराच्या कपाळावर हात ठेवून सांगावं
तसं म्हणाला,
"भुईला हिव भरलंय."

मी तिथंच उभा.
हिम. हिव.
अरे, एकच तर शब्द!
उत्तरेकडून पायी निघालेला,
वाटेत प्राकृतात मुक्कामाला राहिलेला,
हजार-दीड हजार वर्षं तोंडातोंडांत झिजून
म चा व झालेला,
आणि इथं हिवाळ्यात, हिवतापात
कधीचा नांदायला लागलेला.
आम्ही त्याच्या आजोबांना संस्कृतातून
टॅक्सीनं आणत होतो.

परत येऊन कार्डावर लिहिलं: हिवभुई.

गायधनी बाईंनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.
"ताप आल्यासारखं वाटतं हो."
म्हटलं, आलाच आहे.
तिकडे उत्तरेत खांब कलतायत, रस्ते खचतायत,
कधी न भिजलेल्या मातीचा चिखल होतोय.
हिव भरतं, बाई, तसं उतरतंही.
'चिर'ला उतरता येत नाही.

गिरणी तेवढ्यात बंद झाली होती,
त्यामुळे मी फार मोठ्यानं बोललो असं वाटलं.

इतिवृत्तात नोंद आहे:
'चिरतुहिन' स्वीकृत.
'हिवभुई' पर्यायी, कंसात.

काळूला कळवायचं राहिलं.
तो दिंडोरीकडे गेला असं बहीण म्हणाली, दुसऱ्या बागेत.
फोन नंबर नव्हता तिच्याकडे.
त्या दिवशी आठला ऊन आलं
आणि पाचटावरचं सगळं पांढरं अर्ध्या तासात गेलं.
बांधावर टाचेचा एक खळगा होता,
आधी कडक,
मग ओला.